किराणा ॲपवर बाटली ठेवायची असेल तर: खान्देशातील व्यावसायिकांसाठी परवान्याची वाट

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, अमळनेर अशा शहरांत घरपोच किराणा देणारे व्यवसाय आता नवे राहिलेले नाहीत. कोणी स्वतःचे ॲप बनवून घेतले आहे, कोणी व्हॉट्सॲपवर यादी मागवतो आणि संध्याकाळपर्यंत तूरडाळ, तेल, साबण पिशवीत भरून दारात पोहोचवतो. या व्यावसायिकांशी हिशेबाच्या आणि परवान्यांच्या कामानिमित्त माझा नेहमीचा संबंध येतो, आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्यांपैकी कोणीतरी एकच प्रश्न घेऊन समोर बसतो: ग्राहक मागतात, मोठ्या शहरांत मिळते असे ऐकतो, तर आपल्या ॲपवर बिअर किंवा वाइन ठेवण्यासाठी कोणता परवाना काढावा लागेल?

या प्रश्नातच एक चूक दडलेली आहे. महाराष्ट्रात ‘ऑनलाइन मद्यविक्रीचा परवाना’ असा वेगळा प्रकार नाही. मद्याचा परवाना ठरावीक जागेला, नकाशात दाखवलेल्या चार भिंतींना आणि त्या जागेत विक्री करणाऱ्या ठरावीक व्यक्तीला मिळतो. ॲपला तो मिळत नाही. त्यामुळे आधी ॲपमध्ये नवीन रकाना उघडून मग परवाना शोधणारा मनुष्य उलट्या बाजूने चालत असतो. आधी परवानाधारक दुकान, मग त्याच्या अटी, मग ग्राहकाचे मद्य पिण्याचे परमिट, मग पोहोचवण्याची परवानगी आणि शेवटी ॲप, असा क्रम धरला तरच पुढचे सगळे जुळते.

किराणा व्यापाऱ्याला सवय असते की कायद्यात जे मना नाही ते चालते. मद्याच्या बाबतीत गणित उलटे आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आठव्या क्रमांकावर मादक मद्याचा विषय येतो, म्हणून प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असतो. ओडिशात किंवा पश्चिम बंगालमध्ये २०२० साली मोठ्या डिलिव्हरी ॲप्सनी मद्य पोहोचवायला सुरुवात केली, एवढ्यावरून खान्देशात काही करता येईल असे ठरत नाही. आपल्याकडे लागू आहे तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. नावातच बंदी आहे. परवाना, परमिट आणि पास हे त्या बंदीला दिलेले अपवाद आहेत, आणि जे अपवादात लिहिलेले नाही ते मूळच्या बंदीत मोडते. मद्याचा व्यापार हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज प्रकरणात १९९४ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘आम्हाला परवानगी का नाही’ असा वाद घालण्यापेक्षा ‘परवानगी कोणत्या शब्दांत आहे’ हे वाचण्यात वेळ घालवावा.

कोणता परवाना उपयोगाचा आणि कोणता नाही

राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यांची नावे अक्षरे आणि आकड्यांनी चालतात. एफएल-२ हा सीलबंद विदेशी मद्याच्या किरकोळ विक्रीचा परवाना. लोक त्यालाच वाइन शॉप म्हणतात, जरी त्या दुकानात वाइनपेक्षा व्हिस्की आणि रमच अधिक विकली जाते. एफएलबीआर-२ हा बिअर आणि वाइनच्या सीलबंद विक्रीचा, म्हणजे आपली बिअर शॉपी. एफएल-३ म्हणजे परमिट रूम, जिथे ग्राहक बसून पितो. तिथून सीलबंद बाटली बाहेर विकण्याचा विचार सर्वसाधारण परिस्थितीत मनात आणू नये. सीएल-३ हा देशी मद्याचा परवाना असून घरपोच किराण्याशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे आपल्या कामाचे परवाने दोनच उरतात, एफएल-२ आणि एफएलबीआर-२.

त्यांतील एफएल-२ चे नवीन परवाने देणे शासनाने १९७० च्या दशकापासून जवळजवळ थांबवलेले आहे. बाजारात जे परवाने आहेत ते जुने आहेत, हस्तांतराने, वारसाने किंवा भागीदारीत बदल होऊन पुढे आलेले आहेत, आणि म्हणूनच त्यांची किंमत ऐकून किराणा व्यापाऱ्याला घाम फुटतो. ‘मी तुम्हाला नवीन वाइन शॉपचे लायसन काढून देतो’ असे सांगणारा मध्यस्थ भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

सुपरमार्केटमधील वाइनबद्दलही एक गैरसमज आजवर टिकून आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने किमान एक हजार चौरस फूट क्षेत्राच्या सुपरमार्केटमध्ये आणि मोठ्या दुकानांत बंद कपाटात वाइन ठेवून विकण्यास मान्यता देण्याचा निर्णय घेतला होता. त्याला मोठा विरोध झाला आणि तो निर्णय प्रत्यक्षात अमलात आला नाही. परंतु त्या वेळची वर्तमानपत्रातील कात्रणे अजून अनेकांच्या मोबाइलमध्ये आहेत, आणि ती दाखवून ‘आमचे दुकान बाराशे फुटांचे आहे, मग काय अडचण’ असे विचारणारे मला गेल्या वर्षीही भेटले. अडचण एवढीच की निर्णयाच्या बातमीवर माल विकता येत नाही.

तीन वाटा आणि माझा कौल

किराणा ॲप चालवणाऱ्यापुढे व्यवहारात तीन वाटा राहतात. पहिली, शहरातील एखाद्या चालू परवानाधारकाशी करार करून त्याच्या दुकानाची मागणी नोंदवण्याचे काम आपण करावे. दुसरी, परवाना चालवायला घ्यावा. १० जून २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयात एफएल-२ आणि एफएल-३ परवाने करारावर चालवण्यास देण्याला मान्यता मिळाली असून त्यासाठी वार्षिक परवाना शुल्कावर अनुक्रमे पंधरा आणि दहा टक्के जादा शुल्क ठेवलेले आहे. त्याआधी हे व्यवहार ‘आपसात’ होत असत आणि पकडले गेल्यावर दोन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवत. तिसरी वाट, स्वतःच्या नावावर बिअर शॉपीसाठी अर्ज करावा.

लहान व्यवसायासाठी मी नेहमी पहिली वाट सुचवतो, पण एका अटीवर. विक्री परवानाधारकाचीच राहिली पाहिजे, कागदावर आणि पैशांतही. बिल त्याच्या नावाने निघावे, मद्याचे पैसे थेट त्याच्या खात्यात जावेत, आणि आपल्याला मिळणारा मोबदला दर ऑर्डरमागे किंवा दरमहा ठरलेल्या सेवाशुल्काच्या रूपात असावा. विक्रीच्या टक्क्यांत वाटा घेतला की तो व्यवहार लपवलेल्या भागीदारीसारखा दिसू लागतो, आणि परवान्यात भागीदार घेण्यासाठी विभागाची पूर्वपरवानगी व शुल्क लागते. करारनामा नोंदवण्यापूर्वी त्याचा मसुदा जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयात दाखवून पोच घ्यावी. कार्यालयातून ‘चालेल हो’ असे तोंडी सांगितले जाईल. तोंडी उत्तर बदली झालेल्या अधिकाऱ्याबरोबर निघून जाते, म्हणून अर्ज देऊन लेखी उत्तरच मागावे.

हे लेखी उत्तर कशासाठी हवे, तेही समजून घ्यावे. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना घरपोच विक्रीसारख्या पर्यायांचा विचार करण्यास सुचवले, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परवानाधारक दुकानांना परमिट असलेल्या ग्राहकांच्या घरी सीलबंद मद्य पोहोचवण्याची मुभा दिली. त्या आदेशातही पोहोचवणाऱ्यांची संख्या, त्यांची वैद्यकीय तपासणी, ओळखपत्र आणि एका फेरीतील बाटल्यांची कमाल संख्या यांवर बंधने होती. तो आदेश साथीच्या आपत्तीपुरता काढलेला होता. त्याची प्रत खिशात ठेवून आजचा धंदा उभा करू नये. आज घरपोच पोहोचवायचे असेल तर आपल्या दुकानाचे नाव, परवाना क्रमांक आणि पोहोचवण्याचा भाग लिहून अधीक्षकांकडे अर्ज करावा. परवानगी लेखी मिळाली तर ॲपवर पोहोचवण्याची सोय ठेवावी. मिळाली नाही तर ॲप फक्त मागणी नोंदवील आणि ग्राहक दुकानात येऊन, परमिट दाखवून, स्वतः बाटली घेऊन जाईल एवढीच रचना करावी. ही दुसरी रचना कमी चकचकीत आहे खरी, पण दुकानासमोरची गर्दी आणि ग्राहकाचा वेळ दोन्ही तिने वाचतात.

जागा पाहताना

स्वतःच्या नावावर बिअर शॉपी काढायची असेल किंवा परवाना दुसऱ्या जागेत हलवायचा असेल, तर सगळा खेळ जागेचा आहे. अर्ज राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात जातो, निरीक्षक जागेवर येऊन मोजणी आणि चौकशी करतात, आणि परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर मंजूर होतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार ही तीन स्वतंत्र जिल्हा कार्यालये असल्याने जळगावच्या परवान्यावर धुळ्यात काही करता येत नाही. तीन जिल्ह्यांत ॲप चालवायचे असेल तर तीन जिल्ह्यांत परवानाधारक हवेत. शुल्क त्या गावाच्या लोकसंख्येच्या टप्प्यावर ठरते, म्हणून पारोळ्याचा आणि जळगाव शहराचा आकडा सारखा नसतो.

शाळा, धार्मिक स्थळे आणि एसटी स्थानक यांपासून नियमाने ठरलेले किमान अंतर पाहावे लागते. मोजणी निरीक्षकांसमोर होते, पण जागेचा इसार देण्यापूर्वी स्वतः टेप धरून मोजून घ्यावे. महामार्गाचा प्रश्न खान्देशात विशेष महत्त्वाचा आहे, कारण सुरत–नागपूर महामार्ग नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा आपल्या मुलखाच्या कण्यातून जातो आणि मुंबई–आग्रा महामार्ग धुळ्याहून शिरपूरकडे निघतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ च्या निकालाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली. ३१ मार्च २०१७ रोजी वीस हजार किंवा त्यापेक्षा कमी लोकसंख्येच्या भागांसाठी हे अंतर २२० मीटर केले, आणि जुलै २०१७ मध्ये पालिका हद्दीतील दुकानांना ही मनाई लागू नसल्याचे स्पष्ट केले. म्हणजे रस्ता तोच, पण नगरपरिषदेची हद्द संपली की नियम बदलतो. हद्दीच्या टोकावरची स्वस्त जागा घेताना हद्दीचा दाखला आधी मागून घ्यावा.

गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीतील गाळा असेल तर संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल, असे मार्च २०२५ मध्ये शासनाने विधानसभेत जाहीर केले आहे. त्याशिवाय लोकांच्या मताचा प्रश्न आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान होते आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ निवडली तर दुकान बंद होते. म्हणून ज्या वस्तीत आधीच नाराजी आहे तिथे कायद्याने जागा बसत असली तरी मी ती घेऊ नये असे सांगतो. शेजारच्या बायकांची सही आपल्या विरोधातल्या कागदावर पडण्यापूर्वी त्यांच्याशी बोललेले बरे.

गोदामात एकही बाटली नको

किराणा ॲपवाल्यांची सर्वांत महागडी चूक इथे होते. त्यांचा माल शहराबाहेरच्या गोदामात एकत्र होतो आणि तिथून पिशव्या भरल्या जातात. साखर, चहा, बिस्किटे यांना ती पद्धत ठीक आहे, बाटलीला नाही. परवान्याच्या जागेबाहेर साठवलेली बाटली हा विनापरवाना साठा ठरतो, मग तो अर्ध्या तासासाठी असो की रात्रभरासाठी. माझ्या परिचयातील एका व्यापाऱ्याच्या मुलाने ग्राहकाची सोय म्हणून दुकानातून घेतलेल्या बाटल्या किराण्याच्या क्रेटमध्ये ठेवून टेम्पो रवाना केला. रस्त्यावर तपासणी झाली, बिल दुसऱ्याच्या नावाचे निघाले, आणि बाटल्यांबरोबर टेम्पो आणि त्यातील गव्हाच्या पिठाच्या गोण्याही अडकून पडल्या. वाहन जप्त करण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि ते सोडवताना लागणारा काळ नाशवंत मालाला परवडत नाही. म्हणून परवानगी मिळालेली असली तरी किराण्याची पिशवी गोदामातून आणि बाटली परवानाधारकाच्या दुकानातून, अशा दोन वेगळ्या फेऱ्या आणि दोन वेगळी बिले ठेवावीत.

दुकानातून बाटली हाताळणाऱ्या प्रत्येक माणसाचा नोकरनामा, म्हणजे त्या दुकानात काम करण्याची परवानगी, विभागाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. आपला डिलिव्हरीचा मुलगा आज येतो, उद्या दुसरीकडे जातो. नोकरनामा मात्र नावाने निघतो. त्यामुळे या कामासाठी दोन-तीनच कायम माणसे नेमावीत आणि त्यांच्याकडे नोकरनाम्याची प्रत, दुकानाचे बिल आणि परवानगीची प्रत नेहमी असावी. दार बंद असेल, ग्राहकाकडे परमिट नसेल किंवा दार उघडणारा वयाने लहान दिसत असेल तर बाटली त्याच दिवशी दुकानात परत जाऊन साठा नोंदवहीत तशी नोंद झाली पाहिजे. शेजाऱ्याकडे ठेवणे, वॉचमनकडे देणे, हे किराण्याचे शिष्टाचार इथे गुन्हा ठरतात.

ग्राहकाचे परमिट आणि वय

महाराष्ट्रात पिणाऱ्यालाही परमिट लागते, हे अनेक ग्राहकांच्या गावीही नसते. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचे परमिट पाच रुपयांत, वर्षाचे शंभर रुपयांत आणि आजीवन परमिट एक हजार रुपयांत मिळते, आणि त्यासाठी ऑनलाइन अर्जाची सोय आहे. बिअर आणि वाइनसाठी वयाची अट एकवीस वर्षांची, तर इतर मद्यासाठी पंचवीस वर्षांची आहे. त्यामुळे ॲपमध्ये ‘मी सज्ञान आहे’ असा एक चौकोन ठेवून भागत नाही. बावीस वर्षांचा ग्राहक बिअर घेऊ शकतो, रम घेऊ शकत नाही, आणि ॲपला हा फरक कळला पाहिजे. परमिटचा क्रमांक आणि मुदत नोंदवून घ्यावी. आधार कार्डाचे फोटो मात्र साठवून ठेवू नयेत, कारण २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानंतर असा साठा म्हणजे स्वतःहून गळ्यात घेतलेली जबाबदारी आहे. विद्यापीठ आणि महाविद्यालयांच्या वसतिगृहांचे पत्ते यादीतून सरळ वगळावेत. चार ऑर्डर जातील, परवाना राहील.

नकाशावरच्या रेषा

ॲपचा नकाशा आखताना खान्देशाइतकी काळजी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी घ्यावी लागत असेल. पश्चिमेला गुजरात, जिथे राज्य स्थापनेपासून दारूबंदी आहे. उत्तरेला मध्य प्रदेश, जिथे कायदा आणि कर वेगळे आहेत. महाराष्ट्राचा कर भरलेली बाटली या दोन्ही बाजूंना नेता येत नाही. नवापूरच्या रेल्वे स्थानकावर तर राज्यांची सीमा फलाटावरूनच जाते आणि एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात व अर्धा गुजरातमध्ये येतो. पर्यटकाला याची गंमत वाटते; पण डिलिव्हरीचा मुलगा त्या बाकाच्या चुकीच्या टोकाला बाटली घेऊन उभा राहिला तर ती गंमत राहत नाही. म्हणून नवापूर, तळोदा, अक्कलकुवा या बाजूला पिनकोडवर किंवा किलोमीटरच्या वर्तुळावर विसंबू नये. गावनिहाय यादी करावी आणि सीमेलगतची गावे त्यातून काढून टाकावीत. शिरपूर आणि रावेरच्या उत्तरेकडेही हेच करावे.

दुसरी रेषा अनुसूचित क्षेत्राची, म्हणजे राज्यघटनेने विशेष संरक्षण दिलेल्या आदिवासी भागाची. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुके, तसेच साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांतील काही गावे पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्यातील कलम ४ नुसार तिथे मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा किंवा ती नियंत्रित करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे, आणि २०१४ मध्ये राज्याने त्यासाठी नियमही केले. सातपुड्यातल्या गावांत मोहाच्या दारूने झालेली पडझड पाहिलेल्या ग्रामसभा हा अधिकार गांभीर्याने घेतात. ज्या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला आहे ते गाव ॲपमध्ये बंद ठेवावे, आणि माझे मत विचाराल तर ठराव नसलेली अशी गावेही बंदच ठेवावीत.

बिल, भाव आणि जाहिरात

मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर राज्याचा वेगळा कर लागतो. पोहोचवण्याच्या किंवा सेवेच्या शुल्कावर मात्र जीएसटी लागतो. म्हणून किराणा, मद्य आणि सेवाशुल्क एकाच बिलात मिसळले की हिशेबनिसाला वर्षअखेरीस रडू येते. बाटली छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जादा दराने विकू नये. पोहोचवण्याचे शुल्क वेगळ्या ओळीत दाखवावे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे मद्यविषयक विनियम १ एप्रिल २०१९ पासून लागू असल्याने अन्न परवाना आणि बाटलीवरील इशारा हे दोन्ही तपासून घ्यावेत. पेमेंट कंपनीलाही आधी कळवावे. मद्यदुकानांसाठी व्यापारी वर्गाचा क्रमांक (मर्चंट कॅटेगरी कोड) ५९२१ आहे, आणि किराण्याच्या क्रमांकावर मद्याची रक्कम घेतली तर खाते गोठण्याची वेळ येते.

जाहिरातीबद्दल एकच सांगतो: अधिनियमाचे कलम २४ मद्याची जाहिरात करण्यास मनाई करते. ‘शुक्रवार धमाका’, ‘एकावर एक’, व्हॉट्सॲपवरचा बाटलीचा फोटो, हे सगळे त्यात येऊ शकते. ॲपमध्ये परवानाधारकाची साधी यादी, नाव, माप आणि किंमत एवढेच असावे, आणि तीही वयाची खात्री झाल्यावरच दिसावी.

ड्राय डेचे कुलूप

दुकानाचे शटर मनुष्य ओढतो, ॲपचे शटर कोणीतरी आधी लिहून ठेवावे लागते. २६ जानेवारी, ३० जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस पक्के आहेत, आणि आषाढी एकादशी किंवा अनंत चतुर्दशीसारख्या दिवसांसाठी आदेश निघतात. मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीचे अठ्ठेचाळीस तास १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-क नुसार विक्री बंद असते, आणि नगरपरिषद व जिल्हा परिषदेच्या निवडणुकांच्या वेळी स्वतंत्र आदेश येतात. शांतता राखण्यासाठी जिल्हाधिकारी दारूबंदी अधिनियमाच्या कलम १४२ खाली ऐनवेळी दुकाने बंद करू शकतात. यात्रा-मिरवणुकांच्या दिवसांत, एखाद्या गावात तणाव असताना असा आदेश दुपारी निघून संध्याकाळी लागू होतो. म्हणून आदेश आल्यावर पाच मिनिटांत मद्याचा रकाना बंद करता येईल असे एक बटण परवानाधारकाच्या हातात द्यावे, आपल्या नव्हे. वाटेत असलेल्या ऑर्डरी त्या क्षणी थांबवून बाटल्या दुकानात परत याव्यात, आणि ग्राहकाला पैसे परत मिळावेत, अशी सोय त्याच बटणाला जोडून घ्यावी.

परवान्याचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते. नूतनीकरणाचे शुल्क मार्चमध्ये भरले गेले आहे याची पावती परवानाधारकाकडून मागून घेतल्याशिवाय १ एप्रिलच्या सकाळी ॲपवरचा मद्याचा रकाना उघडू नये. करारनाम्यात हे कलम आपल्या बाजूने लिहून घ्यावे, आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्याची आठवण पत्राने करावी.